बिनपगारी कारभारी

व्याख्यानमाला म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे वक्ता उभा राहतो. परंतु वक्ता येण्यापूर्वी महिनाभर कोणीतरी पत्रव्यवहार केलेला असतो, वर्गणीसाठी दारोदार हिंडलेले असते, सतरंज्यांची आणि ध्वनिक्षेपकाची व्यवस्था लावलेली असते. व्याख्यान संपून मंडळी घरोघर गेल्यावर कोणीतरी मागे राहून खुर्च्या मोजतो आणि विजेच्या बिलाचे पैसे वहीत टिपून ठेवतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत महाराष्ट्रातील गावोगावच्या अशा माला चालल्या त्या मुख्यतः या बिनपगारी माणसांच्या जोरावर. त्यांच्याविषयी व्याख्यान सहसा होत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपले कबनूर हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला अगदी लागून असलेले गाव. येथे यंत्रमागाचा खडखडाट आहे आणि शेतीही आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणारी घरे आहेत, तशीच पोटासाठी बाहेरून आलेली कुटुंबेही आहेत. अशा गावात सरकारी कारभार ग्रामपंचायत पाहते. पण गावाचे गावपण टिकते ते तालीम, तरुण मंडळ, वाचनालय, भजनी मंडळ, महिला मंडळ, शाळेची समिती आणि उरुसाची कमिटी यांवर. यांपैकी प्रत्येक ठिकाणी पाचदहा माणसे कारभारी म्हणून बसलेली असतात. त्यांना पगार नाही आणि बहुधा मानधनही नाही. तरी त्यांच्या हाती लोकांचा पैसा असतो, लोकांची जागा असते, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लोकांची मुले असतात. हे पुढारपण नेमके कशाचे, ते चांगले चालते केव्हा आणि बिघडते कोठे, हा आजचा प्रश्न आहे.

करवीरचा वारसा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. तरुणांसाठी लोकांनी चालविलेल्या संस्थांचा मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. खेड्यातील मुलगा कोल्हापुरास शिकावयास आला, तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे, ही त्याची पहिली अडचण असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची बोर्डिंगे निघाली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग उघडले. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना मदत केली, अनुदाने दिली. पण रोजचा कारभार त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींच्या हाती राहिला. पैशाची जमवाजमव करणे, मुलांना प्रवेश देणे, भटारखान्यावर लक्ष ठेवणे, आजारी मुलाला वैद्याकडे नेणे, ही कामे ज्यांनी केली ती माणसे राजे नव्हती की अधिकारी नव्हती. राजाश्रय मोठा असला तरी संस्था चालविण्यास गावचा माणूसच लागतो, हा धडा करवीर राज्याने त्या वेळी घालून दिला.

या व्यवस्थेची एक मर्यादाही होती. बोर्डिंगे जातवार होती. ज्या काळात एका पंक्तीला बसणेच अशक्य होते, त्या काळात मुलांना शाळेपर्यंत आणण्याचा तोच मार्ग मोकळा होता. परंतु त्या मर्यादेच्या पलीकडे जाणारा माणूसही आपल्याच तालुक्याने दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेल्याबद्दल त्यांना स्नान करण्यास सांगण्यात आले, त्यांनी ते नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. व्यवस्थापकांनी त्या वेळची रूढी पाळली होती. पण ज्या मुलाला त्यांनी दूर केले त्याने पुढे त्यांच्याहून मोठे वसतिगृह उभे केले.

१९१९ साली काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह निघाले आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. पैसा अपुरा पडे तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरच्या गृहिणींनी दळणकांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला ठेवावे आणि ते वसतिगृहाला द्यावे, असा मुष्टिफंड उभारला गेला. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. त्यानंतर संस्था बंद पडली नाही, उलट तिच्या शाखा वाढत शेकडोंच्या घरात गेल्या.

या कथेतून त्यागाचे गुण गाणे सोपे आहे. पण आपल्याला येथे दुसरी गोष्ट पाहावयाची आहे. भाऊरावांइतका तेजस्वी माणूस असूनही त्यांनी संस्था आपल्या नावावर ठेवली नाही. ती नोंदविली, तिला घटना दिली, कार्यकर्त्यांची फळी तयार केली. मुष्टिफंडामुळे वसतिगृहाचा भार हजारो चुलींवर थोडाथोडा वाटला गेला. ज्याची मूठ त्यात पडली त्याला संस्था आपली वाटू लागली. एका माणसाच्या खांद्यावरची संस्था त्याच्याबरोबर खाली येते. अनेकांच्या खांद्यावरची संस्था एक खांदा गेला तरी उभी राहते.

कायदा काय सांगतो

आता कारभाराच्या कोरड्या बाजूकडे वळू. पुष्कळ तरुण मंडळे वर्षानुवर्षे नोंदणीवाचून चालतात. गणपतीपुरती पावती छापली, विसर्जन झाले, वही मिटली, असा तो प्रकार. पण मंडळाला जागा घ्यावयाची असेल, वाचनालय काढावयाचे असेल, सरकारी अनुदान हवे असेल, तर नोंदणीला पर्याय नाही.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे सात किंवा अधिक माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात त्याच संस्थेची नोंद १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही होते. या दोन कायद्यांमागे सामान्य माणसाने ध्यानात ठेवावीत अशी चार तत्त्वे आहेत. पहिले, संस्थेची मालमत्ता कोणा सभासदाची नसते. संस्था विसर्जित झाली तरी उरलेला पैसा सभासदांत वाटून घेता येत नाही, तो तशाच हेतूच्या कामाला द्यावा लागतो. दुसरे, कारभारी बदलले की त्या बदलाची खबर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला द्यावी लागते. तिसरे, दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून ते तपासून घ्यावे लागतात. चौथे, संस्थेची जमीन किंवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही.

यांपैकी दुसऱ्या तत्त्वाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. निवडणूक होते, हारतुरे होतात, नवे अध्यक्ष खुर्चीवर बसतात, पण बदलाचा अर्ज कोणी करीत नाही. दहा वर्षांनी अनुदानाचा किंवा बँकखात्याचा प्रश्न निघतो, तेव्हा कागदोपत्री अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ हयातच नसतात. मग सह्या कोणाच्या घ्यावयाच्या? ज्या तरुणांनी दहा वर्षे राबून संस्था चालविली ते कायद्याच्या दृष्टीने तिचे कोणीच नसतात. एका कागदाच्या आळसामुळे चांगले काम अडून पडते आणि कधी कधी भलत्याच माणसाच्या हाती जाते.

वाचनालयांच्या बाबतीत तर आपल्या भागाला अभिमानाचा इतिहास आहे. महाराष्ट्र राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला. कोल्हापूर संस्थानात तसा कायदा १९४५ सालीच झाला होता. ग्रंथालय ही चैन नसून लोकांची गरज आहे, हे येथे त्याआधी जवळजवळ दोन तपांपूर्वी मानले गेले. आज शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड असे वर्ग देऊन त्याप्रमाणे अनुदान मिळते. परंतु ग्रंथपालाला बसवून वाचकांना पुस्तके मिळतात की नाहीत, हे पाहणारे कार्यकारी मंडळ मात्र बिनपगारीच असते.

तीन खुर्च्या

कोणत्याही मंडळात अध्यक्ष, कार्यवाह आणि खजिनदार या तीन मुख्य खुर्च्या असतात. त्यांच्या कामाची वाटणी नीट समजली तर निम्मी भांडणे मिटतात.

अध्यक्षाचे काम भाषण करणे हे नव्हे. सभेत प्रत्येकाला बोलावयास मिळाले की नाही, ठरलेला विषय सोडून चर्चा भरकटत तर नाही ना, आणि अखेर निर्णय झाला की नाही, हे पाहणे हे त्याचे काम. चांगला अध्यक्ष सभेत कमी बोलतो. कार्यवाहाचे काम संस्थेची आठवण राखण्याचे. सभेची सूचना वेळेवर देणे, कार्यवृत्त लिहिणे, मागील सभेत काय ठरले होते ते पुढच्या सभेत वाचून दाखविणे. कार्यवृत्ताची वही हे अनेकांना कंटाळवाणे लचांड वाटते. पण भांडण उपटले की सर्वजण तीच वही शोधतात. खजिनदाराचे काम पैसा सांभाळण्याचे आहेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे कोणीही विचारले तरी न रागावता सांगणे. ज्या खजिनदाराला हिशेब विचारला की अपमान वाटतो, त्याने ती खुर्ची घेऊ नये. प्रामाणिक माणसाचेही रक्षण पावतीच करते. दोघांच्या सह्यांवाचून बँकेतून पैसे निघू नयेत, हा नियम खजिनदारावरच्या अविश्वासाने केलेला नसतो. उद्या कोणी त्याच्याकडे बोट दाखविले तर त्याला निर्धास्त उभे राहता यावे म्हणून तो केलेला असतो.

मतभेदाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. मतभेद झाला म्हणजे संस्था बुडाली असे आपल्याकडे समजतात. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना १८८४ साली झाली. तिच्या आजीव सभासदांनी बाहेरची कामे आणि बाहेरची मिळकत घ्यावी की नाही, हा तेथे वादाचा एक मोठा मुद्दा झाला आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. पुणे सार्वजनिक सभेत १८९५ साली टिळकांच्या बाजूचे बहुमत झाले, तेव्हा रानडे-गोखले मंडळींनी १८९६ साली डेक्कन सभा काढली. इतक्या मोठ्या माणसांतही पटले नाही. पण त्यांचा वाद कामाच्या पद्धतीचा आणि तत्त्वाचा होता, तो वृत्तपत्रांतून आणि सभांतून उघडपणे झाला, आणि वेगळे झाल्यावर दोन्ही बाजूंनी कामच केले. आपल्या मंडळांतील तट पुष्कळदा मंडपाच्या कमानीवर कोणाचा फोटो मोठा, एवढ्यावरून पडतात. वाद करावयाचाच तर तो कामाच्या मापाचा असावा.

तरुणांना काय द्यावयाचे

आता सर्वांत नाजूक प्रश्न. आपल्याकडे तरुणांसाठी मंडळे पुष्कळ, पण मंडळांच्या निर्णयात तरुण किती? खुर्च्या उचलणे, पताका लावणे, जेवणावळीत वाढणे ही कामे त्यांच्याकडे असतात. पैसा किती आणि कोठे खर्च करावयाचा हे मात्र ज्येष्ठ ठरवितात. मग तीस वर्षांनी हेच ज्येष्ठ तक्रार करतात की, नवी पिढी पुढे येत नाही. ज्याला कधी निर्णय घेऊ दिला नाही तो एकाएकी कारभारी कसा होणार? राष्ट्र सेवा दलाची १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभारणी झाली. त्याच्या शाखा चालविणारे स्वतःच तरुण असत. मुलांना खेळविणे, बौद्धिक घेणे, शिबिराचा हिशेब ठेवणे हे सारे विशीच्या आतबाहेरची मुले करीत, आणि पुढे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात त्यांतली कितीतरी माणसे दिसली. कारभाराचे शिक्षण कारभार करूनच मिळते.

आमच्या तरुणांत सेवाभाव नाही, असे म्हणणाऱ्याने पंचगंगेचे महापूर आठवावेत. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी चढले तेव्हा जिल्ह्यातील तालमींची आणि मंडळांची पोरे बोटीतून माणसे काढीत होती, जनावरे हलवीत होती, पुरग्रस्तांना भाकरी पोहोचवीत होती. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. परंतु पूर आठ दिवसांत ओसरतो. चिखल काढणे, भिजलेली दप्तरे बदलून देणे, मदत खऱ्या गरजूला मिळाली की नाही याची यादी ठेवणे, पुढच्या पावसाळ्यापूर्वी दोर आणि बोटी तयार ठेवणे, ही कामे महिनोन्‌महिने चालतात. तेथे उत्साहाला मंडळाची जोड लागते. संकटात धावणारे पाय आपल्याकडे आहेत. संकट नसताना बसून वही लिहिणारे हात कमी आहेत.

कबनूरसारख्या गावी आणखी एक अडचण आहे. येथील पुष्कळ तरुण यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत काम करतात. एका आठवड्यात दिवसपाळी, तर दुसऱ्यात रात्रपाळी. मंडळाची सभा नेहमी रात्री नऊ वाजता ठेवली तर रात्रपाळीचा कामगार कधीच येऊ शकणार नाही, आणि मंडळ नोकरदार व दुकानदार यांचेच होऊन बसेल. सभेची वेळ आलटूनपालटून ठेवणे ही लहान गोष्ट दिसते, पण मंडळ कोणाचे हे तिच्यावरून ठरते. तीच गोष्ट बाहेरून आलेल्या कुटुंबांची. त्यांच्याकडून वर्गणी घेतो, तर त्यांच्यातला एखादा कार्यकारी मंडळावर असावयास नको काय?

आणि स्त्रिया? महाराष्ट्रात पंचायतीतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. जेथे कायद्याचा हात पोहोचला तेथे खुर्ची मिळाली. तरुण मंडळे आणि वाचनालये आपल्या मनाने चालतात, तेथे मात्र बहुधा स्त्रीचे नाव हळदीकुंकवाच्या कार्यक्रमापुरते येते. वाचनालयात सर्वांत जास्त पुस्तके नेणाऱ्या मुली असतील आणि पुस्तके निवडणाऱ्या समितीत एकही मुलगी नसेल, तर तो कारभार अपुरा म्हटला पाहिजे.

मुलांसाठी काम करणाऱ्या मंडळाने आणखी एक जबाबदारी ओळखली पाहिजे. शिबिराला किंवा सहलीला नेलेले मूल सुखरूप परत आणणे ही केवळ त्या दिवशीच्या शिक्षकाची जबाबदारी नव्हे, सर्व कारभाऱ्यांची आहे. एकट्या माणसाच्या हवाली मुले करू नयेत, पालकांची लेखी संमती घ्यावी. आणि मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर मंडळाचे नाव जाईल म्हणून ते झाकू नये. २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. नावाची काळजी मुलाच्या काळजीहून मोठी ठरली की, त्या मंडळाला तरुणांचे मंडळ म्हणविण्याचा अधिकार उरत नाही.

खुर्ची सोडण्याची वेळ

पगारी नोकर साठीला निवृत्त होतो. बिनपगारी कारभाऱ्याला निवृत्तीचे वय नाही, आणि हीच त्याची सर्वांत कठीण कसोटी आहे. ज्याने संस्था लहानाची मोठी केली त्याला ती आपल्या मुलासारखी वाटते, हे स्वाभाविक आहे. पण मुलालाही एके दिवशी आपला प्रपंच आपण करू द्यावा लागतो. यासाठी घटनेतच मुदत घालून घ्यावी. दोन कार्यकाळ झाले की त्या खुर्चीवरून उठावे, एखादे वर्ष नव्या माणसाच्या शेजारी साधा सभासद म्हणून बसावे, विचारले तर सल्ला द्यावा आणि न विचारल्यास गप्प राहावे. कपाटाच्या किल्ल्या, जुन्या वह्या, बँकेचे कागद आणि देणगीदारांची यादी हे सारे यादी करून नव्या हातात द्यावे. असे किल्ल्या देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पाठीमागे त्यांचे नाव अधिक आदराने घेतले जाते.

शेवटी श्रोत्यांना एक विनंती आहे. कारभाऱ्यांना दोष देण्यापूर्वी आपणही सभासद म्हणून काय करतो ते पाहिले पाहिजे. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब करून पुन्हा तेथेच भरविण्याची प्रथा पडली आहे, ती आपल्या गैरहजेरीमुळे. तेव्हा यंदा वर्गणीची पावती फाडणारी मुले दारात आली की, वर्गणी द्यावी आणि त्यांना तीन प्रश्न प्रेमाने विचारावेत. गेल्या वर्षीचा हिशेब कोठे वाचावयास मिळेल? तुमच्यापैकी कार्यकारी मंडळावर कोण आहे? आणि वार्षिक सभा कोणत्या दिवशी आहे? तिन्ही उत्तरे मिळाली तर मंडळ निकोप आहे असे समजावे. न मिळाली तर रागावू नये. सभेची तारीख विचारून घ्यावी आणि त्या दिवशी वेळेवर जाऊन पुढच्या रांगेत बसावे.